किती गेलं?

"दुखलं नाही मॅडम. नुसतं लाल गेलं."

पहाटे कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, बाहेर आली आणि साडी भिजली, एवढंच तिचं सांगणं. नवऱ्याने मुकादमाच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून १०८ ने आमच्याकडे. आमचं सरकारी मेडिकल कॉलेज साखरपट्ट्यात आहे, त्यामुळे दिवाळी झाली की आमच्या वॉर्डात बीडकडची बोली ऐकू यायला लागते. ही त्यातलीच, ऊसतोडीला आलेली. वय अठ्ठावीस, वजन ४६ किलो, तेहतिसावा आठवडा, आधीची दोन सिझर. हिमोग्लोबिन ७.८. आदल्या संध्याकाळपर्यंत डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरत होती.

सातव्या-आठव्या महिन्यात न दुखता रक्त गेलं की वार (प्लासेंटा) खाली आहे असं धरूनच चालायचं. सोनोग्राफीत तेच निघालं, वर आणखी एक निघालं. वार पिशवीच्या तोंडावर पूर्ण बसलेली आणि पुढच्या बाजूने बरोबर जुन्या टाक्यांवर. वारेच्या मागे जी एक बारीक काळी रेघ दिसायला हवी ती नाही. वारेत वाळवी लागल्यासारख्या मोठमोठ्या पोकळ्या, आणि त्यांत रक्त भोवऱ्यासारखं फिरतंय. मूत्राशयाची भिंत एका जागी पुसट. रेडिओलॉजीच्या सरांनी फोन केला तो स्त्रीरोगवाल्यांच्या आधी मला. म्हणाले, "तुला आधी कळलेलं बरं."

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन करत नाही, पेशंटला त्यातून बाहेर आणते. एरवी मूल झालं की वार सुटते, पिकलेलं सीताफळ देठापासून सुटावं तशी. इथे ती पिंपळासारखी भिंतीत मुळं घालून बसलेली असते. ओढायला गेलं तर भिंतच खाली येते. नऊ महिने भरत आले की गर्भपिशवीतून मिनिटाला सहा-सातशे मिली रक्त वाहत असतं. बाईच्या अंगात किलोमागे साधारण १०० मिली, म्हणजे हिच्याकडे सगळं मिळून साडेचार लिटरच्या आसपास. सात मिनिटांचा हिशेब आहे.

माझ्या रेसिडेन्सीत, वीसेक वर्षांपूर्वी, अशी केस दोन वर्षांत एखादी दिसायची. आता वर्षात चार-पाच होतात. सिझर वाढली की हे वाढणारच. देशात २०१५-१६ ला शंभरात १७ बाळंतपणं सिझरने होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती २१.५ झाली, आणि महाराष्ट्र त्याच्याही वर आहे. २००६ साली आलेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीचे आकडे मी दरवर्षी पोरांना तोंडपाठ करायला लावते: वार खाली असेल आणि पहिलंच सिझर असेल, तर ती रुतलेली असण्याची शक्यता शंभरात ३. दुसरं असेल तर ११. तिसरं असेल तर ४०. हिचं तिसरं.

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढे मी वजनकाट्याचा एवढा हट्ट का धरला ते कळणार नाही.

दुसऱ्या वर्षाला होते. दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात. रात्री दोनच्या सुमारास अशीच एक बाई टेबलवर आली. निदान आधी झालेलं नव्हतं. पोट उघडल्यावर कळलं. मी डोक्याशी उभी राहून दर पाच मिनिटांनी विचारत होते, "सर, किती गेलं?" आणि पडद्यापलीकडून उत्तर येत होतं, "असेल पाचशे-सहाशे." थोड्या वेळाने, "असेल आठशे." कुणी खोटं बोलत नव्हतं. डोळ्याला तेवढंच दिसतं. रक्त मॉपमध्ये, म्हणजे ते टिपायच्या कापडात, मुरतं, चादरीत मुरतं, टेबलच्या कडेने खाली उतरून बुटात जातं. सक्शनच्या बाटलीत दिसतं तेवढंच मोजलं जातं. बीपी ११० होतं, आणि मला त्या ११० चा भरवसा वाटला. तरुण गरोदर बाईचं बीपी फसवतं. दीड लिटर जाईपर्यंत तिचं बीपी जागचं हलत नाही, फक्त नाडी चढत जाते. आणि मग बीपी उतरत नाही, कोसळतं. मी भुलेच्या चार्टवर रक्तस्राव ९०० मिली लिहिला होता. पहाटे पाचला ती गेली.

दुसऱ्या दिवशी ओटीच्या मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, रात्रीच्या चादरी धोब्याला द्यायच्या आधी भिजत घातल्या. तीन वेळा पाणी बदललं, तरी लालच." त्यांना काही सुचवायचं नव्हतं. हात दुखले म्हणून सांगत होत्या. माझे ते ९०० मिली मी आजवर विसरलेले नाही.

असो. ही बाई वॉर्डात दाखल झाली तेव्हा तिला दोनच गोष्टी हव्या होत्या: कधी सोडणार, आणि चहा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांची मिळून घेतलेली, त्यातला निम्मा कोयता इथे खाटेवर. मुकादमाचा फोन रोज. मी म्हटलं, "दोन आठवडे इथून हलायचं नाही. संडासला जायचं तरी सिस्टरला सांगून." रक्त पुन्हा कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि कोपीत गेलं असतं तर १०८ येईपर्यंत संपलं असतं.

ऑपरेशन ठरवलं पस्तिसाव्या आठवड्यात. पूर्ण दिवस भरायची वाट पाहिली तर कळा लागून रात्री-अपरात्री पोट उघडावं लागतं, आणि फार लवकर केलं तर बाळाची फुप्फुसं कच्ची. मधला हा काळ त्यातल्या त्यात बरा. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी. तिच्यासाठी शिरेतून लोह आणि दोन पिशव्या रक्त. ऑपरेशनच्या दिवशी हिमोग्लोबिन १०.१ झालं होतं. घरच्यांना हे समजावणं सर्वांत अवघड गेलं. सासू म्हणाली, "रक्त तर जानारच हाय म्हनता, मग आत्ता कशाला भरता?" प्रश्न चुकीचा नाही. मी म्हटलं, "आजी, दुष्काळ पडणार हे ठाऊक असलं तर आधी पेव भरतो ना आपण?" त्यांनी मान हलवली. पटलं की माझी कीव आली, ते कळलं नाही.

मराठीत आमची एक अडचण होते. गर्भाशयही पिशवी आणि रक्ताचीही पिशवी. मी नवऱ्याला सांगितलं, "पिशवी काढावी लागेल, आणि पंधराएक पिशव्या लागतील." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

तिला मात्र पिशवी काढण्याचं काहीच वाटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. "आमच्या टोळीत चौघींची काढलीय," म्हणाली. "काढली की पाळीचा खाडा नाही." बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय २०१९ ला पेपरात गाजला, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडे वाचले होते. पण खाटेवर पाय हलवत बसलेली अठ्ठावीस वर्षांची मुलगी ते एखादा दात काढण्याइतक्या सहज बोलते, तेव्हा पुढे काय बोलावं सुचत नाही. मी फक्त एवढं सांगितलं की त्यांची काढली आणि तुझी काढणार, यात फरक आहे. तुझी राहिली तर तू राहत नाहीस.

मग माझं काम. तोंड उघडायला लावलं. मिश्रीने काळे पडलेले दात, खालचा एक हलणारा. घशातली पडजीभ जेमतेम दिसते. गरोदरपणात घसा आतून सुजलेला असतो, नळी नेहमीपेक्षा बारीक घ्यावी लागते, आणि श्वास थांबला की ऑक्सिजन भराभर उतरतो, कारण फुप्फुसातली शिल्लक हवाच कमी झालेली असते. त्यात पोटातलं आम्ल वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती. म्हणून गरोदर बाईला पूर्ण भूल द्यायला आम्ही सगळेच कचरतो. छातीला स्टेथोस्कोप लावला, गरोदरपणातली नेहमीची हलकी फुरफुर ऐकू आली, तरी इको करून घेतला. संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप अशी बाळंतपणात पहिल्यांदा सापडलेली मी दोनदा पाहिली आहे. हिचा इको साफ निघाला.

तपासून झाल्यावर ती म्हणाली, "मला लेकराचं रडणं ऐकू यील का? आधीच्या दोन्ही बारीला आलं होतं."

यावरून आमच्या विभागात दोन दिवस वाद झाला. माझ्या ज्युनियर सहकाऱ्याचं म्हणणं सरळ होतं: पहिल्यापासून पूर्ण भूल द्या. कमरेतल्या इंजेक्शनने खालच्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, आणि वरून रक्तस्राव सुरू झाला की दुहेरी मार. शिवाय ऐन धुमाळीत, सुजलेल्या घशात, घाईने नळी घालायची पाळी आली तर? त्याचं खोटं नव्हतं. पण पूर्ण भुलीत भूल दिल्यापासून बाळ निघेपर्यंत ते सगळं औषध बाळाकडेही जातं, आणि पस्तीस आठवड्यांचं बाळ आधीच नाजूक. शेवटी मधला रस्ता धरला. कमरेत स्पायनल, सोबत एपिड्युरलची बारीक नळी. बाळ जागेपणी काढायचं. नाळ कापली की सर्जनने हात थांबवायचा, वारेला बोटही लावायचं नाही, आणि रक्त सुरू होण्याआधी, शांतपणे, मी पूर्ण भूल देणार. मग पिशवी. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या चांगल्या होत्या, म्हणून कमरेत सुई घालता येत होती. वाईट असत्या तर रडणं ऐकण्याची गोष्टच बोलता आली नसती. तिच्या प्रश्नामुळे मी हा रस्ता निवडला का? थोडा, हो.

रक्तपेढीचं सांगायचं तर टोळीतले चौदा गडी आले आणि दोघांनीच दिलं. बाकीचे म्हणाले, रक्त दिलं तर कोयता चालत नाही. त्यांना दोष देऊन काय करू, त्यांचा रोज टनावर ठरतो. उरलेलं हॉस्टेलच्या पोरांनी भरून काढलं, परीक्षा आठवड्यावर असताना. दहा लाल पेशींच्या पिशव्या, दहा प्लाझ्मा, सहा प्लेटलेट आणि क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, रक्त गोठवणारा भाग), एवढं नावाने बाजूला काढून ठेवलं.

आदल्या दुपारी रिकाम्या ओटीत सगळ्यांना उभं करून तालीम घेतली. कोण कुठे, रक्तपेढीकडे पळणारा मामा कोण, फोनवर कोण, औषधं भरणार कोण. आणि मी बाजारातून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा विकत आणला होता, पाच किलोचा. आमचा मोठा मॉप कोरडा मोजला: २५ ग्रॅम. भिजलेल्या मॉपच्या वजनातून २५ वजा, उरलेला ग्रॅम म्हणजे मिली. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड असतं, पण एवढ्या हिशेबाला चालतं. काटा, पांढरा फळा आणि मार्कर एका इंटर्न मुलीच्या ताब्यात दिले. बारीक आवाजाची, बुजरी मुलगी. तिला सांगितलं, "तुझं एकच काम. दर पाच मिनिटांनी आणि दर पाचशेला मोठ्याने ओरडायचं. सर्जन काहीही म्हणोत, तुझा आकडा खरा." ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या सरांवर ओरडू?" म्हटलं, "त्यासाठीच तर तुला ठेवलीय."

सकाळी साडेसातला ती टेबलवर आली. दोन्ही हातांत करड्या रंगाच्या जाड सुया, डाव्या मनगटातल्या धमनीत एक नळी म्हणजे बीपी ठोक्यागणिक दिसेल, मानेत सोनोग्राफी बघून तिसरी लाइन. उजव्या कुशीखाली उशी, पिशवीचं ओझं मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून. खोलीतला एसी बंद करायला लावला. सर्जन कुरकुरले, घाम येतो. येऊ दे. पेशंट गार पडली की तिचं रक्त गोठत नाही. कमरेत दोन मिली औषध गेलं, पाय जड झाले. मग युरोलॉजीच्या सरांनी दुर्बिणीतून दोन्ही मूत्रनलिकांत स्टेंट घातले, म्हणजे पुढच्या गोंधळात त्या हाताला लागतील आणि चुकून कापल्या जाणार नाहीत.

छेद उभा, बेंबीच्या वरपर्यंत. मी पडद्यावरून डोकावले. पिशवीच्या खालच्या भागावर निळ्या-जांभळ्या शिरा, करंगळीएवढ्या, गांडुळांच्या गुंत्यासारख्या. चाळीस वर्षं पोटं उघडणारा माणूस क्षणभर गप्प झाला. त्यांनी तो भाग सोडून पिशवीच्या माथ्यावर छेद घेतला आणि बाळ पायांकडून काढलं.

रडलं. लगेच नाही, पण रडलं. २.१ किलो, मुलगा.

तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं. मी गॉजने पुसलं. म्हणाली, "झालं मॅडम. आता झोपवा."

ऑक्सिजनचा मास्क तीन मिनिटं. झोपेसाठी केटामाइन, स्नायू सैल करायला स्कोलिन. गळ्याच्या कूर्चेवर माझ्या रेसिडेंटचा अंगठा आणि बोट. कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपवर स्वरयंत्र दिसलं, सुजून चकाकणारं, आणि साडेसहाची नळी घासत गेली. सातची गेली नसती. हे सगळं होईपर्यंत टेबलवर रक्त गेलं होतं साडेचारशे. फळ्यावर लिहिलेलं होतं.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग मूत्राशय पिशवीपासून सोडवायची वेळ आली, आणि ज्याची भीती होती तेच झालं. एक शीर तुटली, ती बांधेतो शेजारच्या दोन. सक्शनचा आवाज बदलला. हा आवाज ओळखायला शिकवता येत नाही. हवा आणि रक्त मिळून जी घरघर असते ती थांबते, आणि नुसतं रक्त ओढल्याचा भरीव आवाज येतो.

"किती गेलं?" मी विचारलं.

"थोडंच आहे, होईल कंट्रोल," पडद्यापलीकडून.

आणि कोपऱ्यातून, फाटक्या आवाजात, "सर, चौदाशे!"

बीपी ११२ होतं. तेच माझं जुनं ११०. नाडी १२४. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला की बीपीकडे बघायचं नाही, हे मी आता पाळते. रक्ताच्या पहिल्या दोन पिशव्या मी चौदाशेवर सुरू केल्या, बीपी पडायची वाट न बघता. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम. या स्वस्त औषधाचा बाळंतपणातल्या रक्तस्रावातला मोठा अभ्यास २०१७ साली आला, वीस हजार बायकांचा, आणि त्यातून जे निघालं त्यातलं कामाचं एवढंच की द्यायचं तर पहिल्या तीन तासांत द्या, जेवढं लवकर तेवढं बरं.

"एकवीसशे!"

"अठ्ठावीसशे!"

ती आता घाबरत नव्हती. काट्यावर मॉप टाकायची, वजा करायची, ओरडायची, भाजी मंडईतल्या बाईसारखी. अठ्ठावीसशेला बीपी ६८ झालं. मी म्हटलं, "सर, हात थांबवा. महाधमनी दाबा." दोन क्षण कुणी बोललं नाही. सर्जनला थांब म्हणणं ओटीत सोपं नसतं. पण सरांनी फळ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या रेसिडेंटने मूठ आत घालून महाधमनी कण्यावर दाबून धरली. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत आम्ही दोन्ही बाजूंनी दाबाच्या पिशव्या फुगवून, गरम करून, रक्त आणि प्लाझ्मा एकास एक ओतत राहिलो. दर काही पिशव्यांमागे कॅल्शियम, कारण पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट तिच्या रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि मग हृदय आणि गोठणं दोन्ही मंदावतं. बीपी धरून ठेवायला नॉरॲड्रेनालिन सुरू.

रक्त गोठतंय का हे कळायला लॅबचा रिपोर्ट यायला पाऊण तास. तोवर म्हातारा उपाय: साध्या काचेच्या नळीत पाच मिली रक्त घेऊन मुठीत धरायचं, अंगाच्या उबेत, आणि घड्याळ बघायचं. सात मिनिटांत घट्ट गोळा झाला तर ठीक. माझ्या रेसिडेंटने आठव्या मिनिटाला नळी आडवी केली. गोळा झाला होता, पण भाकरीच्या पिठात पाणी जास्त झाल्यासारखा, हलवला की फुटून पातळ. फायब्रिनोजेन, म्हणजे रक्ताची गाठ धरणारं प्रथिन, संपत आलंय हे त्यावरून ओळखलं आणि क्रायो लावलं. नंतर रिपोर्ट आला तेव्हा आकडा १२० होता. भरत आलेल्या गरोदर बाईत तो चारशेच्या वर असतो.

पिशवी निघाली, वारेसकट, तेव्हा फळ्यावर होतं ३,९००. मूत्राशयाला चार सेंटिमीटरची चीर गेली होती, ती युरोलॉजीच्या सरांनी दोन थरांत शिवली. पोट बंद करताना ४,३००. म्हणजे ती जेवढं रक्त घेऊन टेबलवर आली होती, त्यातलं जवळजवळ सगळं. तिला चढवल्या लाल पेशींच्या नऊ, प्लाझ्माच्या आठ, प्लेटलेटच्या सहा, क्रायोच्या दहा. अंगाचं तापमान ३५.१. मी नळी काढली नाही. घसा आणखी सुजला असणार, रक्तात आम्ल वाढलेलं, अंग गार. नळीसकट आयसीयूत नेली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबलं पण नवलाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. त्या रात्री श्वास वाढला, ऑक्सिजन ८९, छातीत खालपर्यंत बुडबुडे. एवढ्या पिशव्या गेल्यावर फुप्फुसात पाणी भरणं अपेक्षितच. बसवून मास्कने दाबाचा ऑक्सिजन आणि लघवीचं औषध, सकाळपर्यंत उतरलं. कमरेतली एपिड्युरलची नळी मात्र मी तिसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली. रक्त नीट गोठत नसताना ती ओढली तर कण्यात रक्ताची गाठ होऊन पाय कायमचे जाऊ शकतात. घालतानाइतकीच काळजी काढताना, हे नव्या पोरांना सांगून सांगून दमले. लघवीची नळी दोन आठवडे. लघवीचा रंग चौथ्या दिवशी पिवळा झाला.

माझं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी म्हणून वाटाण्याएवढी ग्रंथी असते. गरोदरपणात ती फुगते, तिची रक्ताची गरज वाढते, आणि बाळंतपणात बीपी फार वेळ खाली राहिलं तर ती मरते. शीहान नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३७ मध्ये हे मांडलं. बाई त्यातून वाचून घरी जाते, आणि पुढे वर्षानुवर्षं थकलेली, गारठलेली राहते. लोक म्हणतात, बाळंतपणापासून हिचं काही खरं नाही. त्याची पहिली खूण अगदी साधी असते: दूध येत नाही. तिचं बीपी ६८ च्या आसपास अकरा मिनिटं होतं. चार्टवर आहे.

म्हणून मी रोज राउंडला शेवटी तिच्याकडे जायची आणि सिस्टरला विचारायची. पहिला दिवस नाही. दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी सासू म्हणाली, "आटलंय वाटतं, एवढं रक्त गेल्यावर कुठून येनार." चौथ्या दिवशी एन्डोक्रिनच्या, म्हणजे या ग्रंथीच्या, तपासण्या लिहून ठेवल्या. त्या दिवशी नवराही भेटला, फडावरून येऊन. त्याने डायरीत खाडे मांडले होते. बायकोचे पंधरा, त्याचे सहा. मला दाखवले नाहीत, मी वाकून बघितले.

पाचव्या दिवशी सकाळी बाळांच्या अतिदक्षता विभागातून फोन आला, तुमची पेशंट इथे व्हीलचेअरवर बसून आहे, हटायला तयार नाही. गेले. तिने पदर बाजूला सारून एका हाताने स्तन दाबून धरला होता, दुसऱ्या हातात स्टीलची लहान वाटी. तोंडावर घाम. वाटीच्या तळाशी पिवळट, दाटसर काहीतरी लागलेलं. तिने माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

बाळाला ते चमच्याने पाजलं. त्याने दोनदा तोंड वाकडं केलं आणि गिळलं. सिस्टरने घड्याळ बघून चार्टवर लिहिलं: सकाळी ७.४०, आईचं दूध, ५ मिली.